पन्नाशीतल्या माणसाने कुणाची जागा खाल्ली?

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: उतारवयात कॉलेजात जाऊन बसणारा माणूस तरुण पोराची जागा खातो का? निमित्त तसं शिळंच. ओडिशातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने २०२० साली चौसष्टाव्या वर्षी नीट देऊन एमबीबीएसला प्रवेश घेतला होता, आणि २०२२ मध्ये तर नीटची कमाल वयाची अटच गेली. ती बातमी कुणीतरी पुन्हा फिरवली आणि मिरजेतला माझा बाकमित्र, जो आता एका शिक्षणसंस्थेवर संचालक आहे, खवळला. एका डॉक्टरमागे सरकार लाखो रुपये ओततं, हे आजोबा प्रॅक्टिस करणार किती वर्षं? इथवर ठीक होतं. मग, मी ग्रुपवर आहे हे बहुधा आठवून, त्याने पुढची ओळ टाकली: 'भरल्या पोटी पन्नाशीत हौस म्हणून खुशाल शिकावं, फक्त त्याला करिअर म्हणू नये.'

ही मला होती. मी अमेरिकेत मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहतो, मेडिकल डिव्हाइसच्या नोकरीत पंचवीसेक वर्षं काढली, आणि आता त्रेपन्नाव्या वर्षी रेड विंगच्या कम्युनिटी कॉलेजात व्हायोलिन दुरुस्ती शिकतो. मिसिसिपीच्या काठचं हे गाव बाकी जगाला बुटांमुळे माहीत आहे. तिथल्या मिनेसोटा स्टेट कॉलेज साउथईस्टमध्ये गिटार, व्हायोलिन आणि बँडची वाद्यं दुरुस्त करायला रीतसर शिकवतात. शिकून झालं की पोटापाण्याचंही गणित आहे. इथल्या शाळांमध्ये ऑर्केस्ट्रा असतो, मुलं वाद्यं भाड्याने घेतात, आणि जूनमध्ये ती परत येतात तेव्हा दुकानांत मोडक्या व्हायोलिनांचा ढीग लागतो. तो ढीग उपसणारी माणसं लागतात. याला करिअर नाही तर काय म्हणायचं?

डॉक्टरकीचं मी सोडून देतो, त्यात मित्राचं थोडं बरोबर असेल. पण 'जागा खाल्ली' हा हिशोब त्याने सगळ्याच शिक्षणाला लावलाय, आणि तिथे माझं डोकं फिरतं. माझ्या वर्गात शेतावरून येणारा एकोणीस वर्षांचा पोरगा आहे, सैन्यातून परतलेली एक बाई आहे, शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. इथे बासष्टीच्या पुढच्या रहिवाशांना वर्गात जागा शिल्लक असेल तर शिकवणी फी जवळजवळ माफ असते. त्यामुळे त्या गृहस्थांना पार्किंगचा पास सोडला तर फारसा खर्च नाही. मला मात्र पूर्ण फी. २०२४ पासून आलेली नॉर्थ स्टार प्रॉमिस या राज्याच्या फीमाफीची सवलत मिळायला घरचं वर्षाचं उत्पन्न ८० हजार डॉलरच्या आत हवं आणि बॅचलरची डिग्री नसलेली हवी. मी पडलो वालचंदचा बी.ई.

कोण कुणाची जागा खातंय हा प्रश्न या वर्गात कुणाच्या तोंडून आलेला नाही. आता खरं सांगायचं तर याला कारण इथल्या लोकांचं मोठं मन नाही. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांची पटसंख्या २०१० नंतर उतरत गेली. बाकं रिकामी आहेत, डोकी हवीत, मग ती पिकलेली असली तरी चालतात. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मित्राने तेवढंच उचललं असतं.

आणि हाच मित्र दर ८ मार्चला मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याच्या आजीबाईंच्या शाळेचा व्हिडिओ न चुकता पाठवतो. गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर, थरथरत्या हाताने पाटीवर काढलेला ग. २०१६ पासून ती शाळा चालू आहे आणि मलाही ती मनापासून आवडते. पण त्या आजी सही करायला शिकतात, कुणाच्या दुकानाशेजारी दुकान टाकत नाहीत, म्हणून सगळ्यांचे हात जोडलेले. म्हाताऱ्या माणसाने शिकावं, पण गोड दिसावं. शिकून त्याने दर सांगितला की ती हौस ठरते.

ग्रुपवर एकाने असंही विचारलं की दुरुस्तीत कसली आली कला. त्याने एकदा व्हायोलिनचा ब्रिज (तारा टेकतात ती घोडी) बसवून बघावा. मेपलचा कोरा तुकडा घ्यायचा, त्याचे दोन पाय व्हायोलिनच्या उतारावर असे जुळवायचे की मध्ये कागद सरकता कामा नये. खडू फासायचा, टेकवायचा, जिथे खडू लागला तिथेच सुरीने खरवडायचं. जरा जास्त गेलं की तुकडा कचऱ्यात आणि नवा घ्यायचा. आतला साउंडपोस्ट, म्हणजे वाद्याच्या पोटातला लाकडी खांब, तर गोंदाशिवाय, नुसत्या दाबाने उभा असतो. इंग्रजी एससारख्या वाकड्या सळईने तो चिरेतून आत सोडायचा आणि आरशात बघत केसभर इकडे, केसभर तिकडे. तेवढ्याने आवाज बंद खोलीतून अंगणात येतो. नोकरीत मी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे रिपोर्ट सह्या करून पाठवायचो, हाताला कधी काही कळलं नव्हतं.

मित्राचा पुढचा मुद्दा असा की आपल्याकडे असं काही लागतच नाही, आपल्याकडे कला घराण्यातून येते. हे मिरजकराने म्हणावं! आमच्या गावात एकोणिसाव्या शतकापासून सतारी होतात. फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. म्हणजे पहिला सतारमेकरच मुळी धंदा बदललेला माणूस. आणि सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल? डेप्युटी कलेक्टरची नोकरी संपवून ते श्रुती मोजत बसले, अब्दुल करीम खाँसाहेबांना गायला लावून, आणि १९१० साली त्यावर पुस्तक छापलं. त्यांना कुणी विचारलं होतं का, की कुणाची जागा खाताय? 'त्यांना पेन्शन होती,' मित्राने लगेच लिहिलं. बरोबर आहे. मलाही बायकोच्या कंपनीचा हेल्थ इन्शुरन्स आहे. तो नसता तर मी आजही त्याच क्युबिकलमध्ये असतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा ग्रुपवर पेढे वाटल्यासारखे मेसेज आले होते. त्याच सुमारास कारागीर सांगत होते की घरातली पोरं या कामात यायला तयार नाहीत. मग बाहेरची येऊ द्या की! विशीची येऊ देत, पन्नाशीची येऊ देत. आयटीआयला कमाल वयाची अट नाही. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून हेच सांगतंय. कागदावर दार उघडंच आहे. पण पोरगा बारावीला असताना बाप आयटीआयच्या बाकावर जाऊन बसला, तर सोयरिकीच्या वेळी काय सांगायचं, हा आपला खरा अडसर.

हे सगळं मी तावातावाने लिहितो खरा, पण रेड विंगमध्ये माझं काय चालतं तेही सांगायला हवं. पहिल्या दिवशी कुठून आलास म्हणून विचारलं तेव्हा मी म्हटलं, आमच्या गावात सतारी होतात. तेव्हापासून वर्गात माझा भाव वेगळा. मास्तर मला जवारीबद्दल, म्हणजे सतारीचा ब्रिज घासून आवाज जुळवण्याबद्दल, विचारतात, तारेखाली ब्रिजचा उतार किती, आवाज तसा का फुटतो. मी वाचून ठेवलेलं सांगतो. सतारमेकर गल्लीतून मी शाळेला रोज सायकलने जायचो, दारात मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे रचलेले असायचे, आणि एकाही दुकानाची पायरी मी कधी चढलो नाही. आम्ही इंजिनीअर होणारी मुलं होतो. ते दुसऱ्या लोकांचं काम होतं. कुणी हाकललं असतं असं नाही, पण चढायची असते हे डोक्यातच नव्हतं. आता साता समुद्रापलीकडे मी त्या गल्लीचा वारस म्हणून मिरवतो, आणि इथल्या मराठी घरांतून हिवाळ्यात तडकलेले तंबोरे माझ्याकडे येतात. इथल्या कोरड्या हवेत शिवण उघडते, ती मी गरम सरसाने नीट बसवून देतो. जवारी मला येत नाही. त्यासाठी तो तंबोरा कुणाच्या तरी बॅगेतून शेवटी मिरजेलाच जातो.

म्हणून परवा मी मित्राला सरळ लिहिलं: तू संचालक आहेस ना, मग संध्याकाळचा वर्ग काढ. सतारमेकरांनाच मास्तर म्हणून नेम, त्यांना प्राध्यापकाचा पगार दे, वयाची अट घालू नकोस. मी सहा महिने वेळ काढून येतो आणि शेवटच्या बाकावर बसतो.

त्याचं उत्तर आलं: 'ये की. पण तुझा प्रवेश एनआरआय कोट्यातून. फी पाचपट.'

हप्त्याने चालेल का, असं मी विचारलंय.