पाय सुजलेत का, हे कोण विचारणार?

वाद पेटला तो नानांच्या पायांवरून. रविवारची संध्याकाळ, कट्ट्यावर आम्ही नेहमीचेच. नानांनी चप्पल काढून पाय वर घेतले आणि मेडिकलचं दुकान चालवणाऱ्या बापूंची नजर घोट्यांवर गेली. चपलेच्या पट्ट्यांचे वळ खोल उमटले होते.

"नाना, ही सूज कधीपासून?"

"झाले असतील दोन-तीन महिने. वय झालं की आता."

"बीपीची गोळी कुठली चालू आहे?"

नानांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. अम्लोडिपिन. बापूंनी चष्मा वर केला. "तुला तर पाचची होती. दहाची कधी झाली?"

उन्हाळ्यात पुण्याच्या मुलानं ऑनलाइन डॉक्टर लावून दिला होता. मशिनवरचे आकडे पाठवले, डॉक्टरांनी डोस वाढवला आणि तेव्हापासून दर महिन्याला खोकं घरपोच येतं. ऑर्डर मुलगा करतो, पैसे मुलगा भरतो. नाना फक्त खोकं उघडतात. पाय ठणकतात म्हणाले, तर त्याच खोक्यातून चोळायचं मलमही आलं.

बापूंनी समजावून सांगितलं. या औषधानं काही जणांच्या पायांवर सूज येते आणि डोस वाढला की ती जास्त दिसते. गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, पण उद्याच डॉक्टरांना पाय दाखवायचे. सूज हृदयाची किंवा किडनीचीही असू शकते, ते त्यांना बघू दे. एवढं बोलून ते थांबले असते तर विषय तिथंच मिटला असता. पण ते पुढं म्हणाले, "दुकानात येत होतास तोवर मला दिसत तरी होतास."

पिंट्या पुण्यात आयटीत आहे, शनिवार-रविवार मिरजेत असतो. तो लगेच सरसावला. "बापू, एक विचारू? नाना दुकानात आले असते तर काउंटरला तुम्ही असता, की तुमचा कामावरचा पोरगा?"

बापू गप्प झाले. प्रश्न वर्मी लागणारा होता आणि रास्तही होता. मिरज हे दवाखान्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. वॉनलेस यांनी मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून कोकणातून आणि कर्नाटकातून पेशंट इथं येतात. मेडिकलं तर पावलापावलावर. पण भिंतीवर ज्याचं सर्टिफिकेट टांगलंय तो माणूस दुकानात आहे, असं किती ठिकाणी दिसतं? २०१२च्या सुमारास महेश झगडे राज्याच्या एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे, आयुक्त होते. फार्मासिस्ट हजर हवा, चिठ्ठीशिवाय औषध द्यायचं नाही, हा जुनाच कायदा त्यांनी लावून धरला, तर केवढा गदारोळ झाला होता. तेव्हा बापूही औषध दुकानदारांच्या संघटनेच्या बाजूनं तावातावानं बोलत होते, हे नानांनी त्यांना आठवण करून दिलं.

"मग औषधं घरपोच देणाऱ्या ॲपनं नेमकं काय मोडलं?" पिंट्याचा सवाल. "सूट मिळते. जुनी यादी राहते. गोळी संपायच्या आत आठवण येते. त्याच घटकाचं स्वस्त औषध कुठलं, ते समोर दिसतं. ऑगस्ट २०२३पासून तीनशे ब्रँडच्या पाकिटांवर क्यूआर कोड सक्तीचा झालाय. स्कॅन केलं की कंपनी, बॅच, एक्सपायरी सगळं कळतं. एवढी माहिती पेशंटला तुम्ही कधी दिली होती?"

"माहिती दिली नाही, मान्य," बापू म्हणाले. "पण त्या सवलतीचं बोलू नकोस. सरकारनं भाव बांधलेल्या औषधात दुकानदाराला सोळा टक्के मार्जिन, बाकीच्यात साधारण वीस. त्यातून भाडं, लाइट, पोराचा पगार. वर वीस-पंचवीस टक्के सूट कशातून देऊ? आणि तुझं ते स्वस्त औषध. गिऱ्हाईक मोबाइल नाचवत येतं, म्हणतं हे नको, हे द्या. चिठ्ठीवर शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न मिळणारं, औषध असेल तर घटक तोच असला तरी ब्रँड मला माझ्या मनानं बदलता येत नाही. नियमच आहे तसा. डॉक्टर फोन उचलत नाहीत आणि गिऱ्हाइकाला वाटतं मी लुटतोय."

"काही लुटतातच की," नाना म्हणाले. "जेनेरिकच्या पाकिटावर छापलेली किंमत आणि तुमची खरेदी, यातलं अंतर लोकांना कळलं ते सरकारची स्वस्त औषधांची जनऔषधी केंद्रं निघाल्यावर. मोबाइलनं त्याचा आणखी गवगवा झाला, हे बरंच झालं."

इथं मी नानांच्या बाजूचा. औषधाच्या भावातला अंधार कमी झाला, ही या तंत्रज्ञानाची मोठी देणगी आहे आणि ती कुणी परत मागू नये.

तेवढ्यात शुभाताई ड्यूटी संपवून आल्या. त्या सिस्टर आहेत, घरी जाताना दहा मिनिटं थांबतात. विषय कळल्यावर त्यांनी जे सांगितलं त्यानं सगळे शांत झाले. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट देतात. ती गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. त्यांच्या वॉर्डात एक बाई आल्या होत्या, तोंड आतून सोललेलं, रक्तातल्या पेशी खाली गेलेल्या. त्यांनी ती गोळी रोज घेतली होती. रोज घेतल्यानं या औषधात माणसं दगावतात.

"खोकं ऑनलाइन आलं होतं का?" बापूंनी विचारलं.

"नाही. दुकानातूनच नेली होती. पाकिटावर फुली मारून दिली, तोंडानं कुणी काही बोललं नाही. आणि ऑनलाइन मागवली असती तर तिथं लिहिलेलं असतं, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार घ्यावे. बाईंना काय फरक पडला असता?"

माझ्या मते चर्चेचा गाभा इथंच होता. आपण ॲप विरुद्ध दुकान असं भांडत बसतो. भांडण बोलणाऱ्या फार्मासिस्टसाठी व्हायला हवं. फार्मसी कौन्सिलच्या २०१५च्या नियमांत स्पष्ट आहे की रजिस्टर्ड फार्मासिस्टनं पेशंटशी बोलावं. औषध कशाचं, किती, कधी, त्रास काय होऊ शकतो, डोस चुकला तर काय करायचं, सगळं सांगावं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब ठेवायचं, एवढं एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो? ते वाक्य न ऐकल्यामुळं वर्षानुवर्षं डोस वाढवत बसलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत.

पिंट्या मात्र हटेना. "बोलायचं काम मशिन जास्त चांगलं करेल. माझ्या आईला बीपीची रॅमिप्रिल चालू आहे. या उन्हाळ्यात ती सारखी खोकत होती, तीन वेळा खोकल्याचं औषध मागवलं. दोन्ही ऑर्डरी एकाच खात्यावर. रॅमिप्रिलनं कोरडा खोकला होऊ शकतो, हे कुठल्याही पुस्तकात आहे. संगणकाला हे जोडायला किती वेळ लागेल?"

"मग जोडलं का त्यानं?"

"नाही." पिंट्याचा आवाज खाली आला. "खाली दाखवलं, यासोबत लोक हेही घेतात. घशाच्या गोळ्या."

बापूंना जोर चढला. "बघ! यादी त्याच्याकडे होती, अक्कल पण असेल, पण त्याचा धंदा खोकल्याचं औषध विकण्यात आहे."

"आणि तुमचा?" शुभाताईंनी शांतपणे विचारलं. "तुमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सपायरी जवळ आली की ओळ लाल होते. दोन औषधं एकमेकांशी जुळत नाहीत म्हणून कधी लाल झाली का?"

झाली नव्हती. बापूंनी ते मान्य केलं आणि मग स्वतःहून एक गोष्ट सांगितली, जी मला त्या संध्याकाळी सगळ्यात महत्त्वाची वाटली. ॲपला कशाला दोष द्या, म्हणाले, माझ्या दुकानातही तेच झालंय. लॉकडाऊनमध्ये, मार्च २०२०ला, सरकारनं परवानाधारक दुकानांना घरपोच औषध द्यायला मुभा दिली. तेव्हापासून चिठ्ठ्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर यायला लागले ते आजतागायत. फोटो बेंगळुरूहून मुलगी पाठवते, पैसे यूपीआयनं अमेरिकेतून मुलगा पाठवतो, पिशवी पोरगा स्कूटरवरून पोचवतो. ज्याच्या पोटात गोळी जाणार तो माणूस मला दिसतच नाही. पूर्वी म्हातारी काउंटरला टेकून उभी राहायची, धाप लागलेली कळायची. हात थरथरताना दिसायचे. आता मी बोलतो ते मुलांशी, आणि मुलांना आईबापांचे पाय कुठं दिसतात?

नाना काही बोलले नाहीत.

शुभाताईंनी मात्र दुसरी बाजू सोडली नाही. "बापू, तुम्ही ओळखता हेच काही जणांना नको असतं. मानसिक आजाराची गोळी घेणारी मुलगी गल्लीतल्या मेडिकलमध्ये जात नाही. गर्भनिरोधक गोळ्या मागायच्या तर आधी काउंटरला कोण उभं आहे ते बघावं लागतं. चार माणसांत तुम्ही नाव मोठ्यानं वाचता. तिला ॲप म्हणजे सुटका आहे. या बायकांना पुन्हा काउंटरवर आणायचं असेल तर आधी तोंड सांभाळायला शिका."

"ॲपला तरी तिचं गुपित कळतंच की," बापू पुटपुटले.

"कळतं. पण तिच्या सासूला सांगत नाही."

पिंट्याला हे पटलं, पण तो प्रामाणिक आहे. तो म्हणाला, तिथं माहिती कुठं जाते हे आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक. २०२३चा डेटा संरक्षणाचा कायदा आलाय, पण मधुमेहाची औषधं मागवल्यावर शुगरच्या मशिनच्या जाहिराती येत राहतात, त्याचं काय करायचं?

ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा केंद्रानं ऑगस्ट २०१८मध्येच काढला होता. पोर्टलनं नोंदणी करावी, पेशंटची माहिती गुप्त ठेवावी, आणि रोज किमान बारा तास रजिस्टर्ड फार्मासिस्ट प्रश्नांची उत्तरं द्यायला बसवावा, असं त्यात होतं. पुढच्याच महिन्यात, २८ सप्टेंबरला, देशभरच्या औषध दुकानांनी बंद पाळला. डिसेंबरात दिल्ली हायकोर्टानं विनापरवाना ऑनलाइन विक्री थांबवायला सांगितलं. इतकी वर्षं उलटली, विक्री चालूच आहे आणि मसुदा मसुदाच राहिलाय.

"बंदच्या दिवशी शटर मीही पाडलं होतं," बापू म्हणाले.

"आणि मागणी काय केलीत? ऑनलाइन बंद करा," नाना म्हणाले. "त्याऐवजी तो बारा तासांचा फार्मासिस्ट आम्हालाही लावा, असं म्हणायला हवं होतं."

मला हे शंभर टक्के पटतं. औषध खोक्यातून येवो की काउंटरवरून, ते कोणी तपासलं त्या फार्मासिस्टचं नाव आणि नंबर सोबत असायलाच हवा. नवीन औषध सुरू झालं किंवा डोस बदलला, तर पहिल्या आठवड्यात त्यानं फोन करावा, आणि तो पेशंटलाच. याला अवघड तंत्रज्ञान लागत नाही. डिलिव्हरीवाला पत्त्यासाठी दोनदा फोन करतो, तिथं फार्मासिस्टला एकदा करता येणार नाही?

"फोन करायला माणूस ठेवायचा कुठून?" बापूंनी सोळा टक्के पुन्हा काढले.

"सगळ्यांना नको," पिंट्या म्हणाला. "साठीच्या वरचे, पाचपेक्षा जास्त गोळ्या असलेले आणि डोस बदललेले, एवढेच. तुमच्या बिलांतून ती यादी मी काढून देतो."

"ती यादी अर्धीच असणार. आता नानाचंच बघ. बीपीची ॲपवरून, शुगरची जनऔषधीतून, पित्ताची माझ्याकडून. पूर्ण हिशेब कुणाकडेच नाही."

"मग काय करू?" नानांनी विचारलं.

"उद्या डॉक्टरांकडे जायच्या आधी दुकानात ये. मी स्वतः बसतो. घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून आण, ते मलम पण."

"चूर्ण घेतो मी रात्री. ते?"

"ते सगळ्यात आधी."