खुलासा : केंटकी अमेरिकेतून फुटलं नव्हतं

‘दक्षिणेच्या झेंड्यावर १३ तारे होते, त्यात केंटकीचाही एक; म्हणजे ते राज्य अमेरिकेतून फुटलं होतं,’ असा संदेश फिरतोय. (दक्षिण म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या वेळी, १८६०-६१मध्ये, गुलामगिरी टिकवण्यासाठी देशातून फुटलेली राज्यं.) तारा होता, निष्कर्ष चुकीचा आहे. मे १८६१मध्ये केंटकीने तटस्थता जाहीर केली. सप्टेंबरात दक्षिणेच्या फौजा केंटकीतल्या कोलंबस गावात घुसल्या, तेव्हा विधिमंडळाने त्यांनाच निघून जायला सांगितलं. तो तारा केंटकीतल्याच रसेलव्हिलमध्ये जमलेल्या दक्षिणसमर्थकांच्या समांतर सरकारमुळे लागला. निवडून आलेलं विधिमंडळ संघराज्यातच राहिलं.

म्हणून केंटकी गुलामगिरीविरोधी होतं असंही नाही, आणि हे सांगणं जास्त गरजेचं आहे. राष्ट्राध्यक्ष लिंकनचा १८६३चा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा फक्त बंडखोर भागांना लागू होता, केंटकीला नाही. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. ही दुरुस्ती केंटकीने आधी फेटाळली आणि थेट १९७६मध्ये मंजूर केली! कृपया जुना संदेश पुढे पाठवू नका.