चुना 'कायमचा' नसतो

'रिफॉर्मरमध्ये निकेल उत्प्रेरकासोबत चुन्याच्या गोळ्या भरा: मिथेनचं शंभर टक्के रूपांतर, बाहेरून उष्णता नको, चुना कायमचा, शुद्धीकरणाची कटकट नाही.' हा मजकूर भाचीच्या प्रकल्प-अहवालात जसाच्या तसा उतरला, म्हणून लिहिणं आलं. (रिफॉर्मर म्हणजे मिथेन आणि वाफेपासून हायड्रोजन बनवणारं यंत्र; चुना त्यात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो.)

आधी तो 'कायमचा' चुना. ग्रासा आणि अबानादेस या संशोधकांनी २००६ साली चुनखडी ५०० फेऱ्यांपर्यंत तपासली (एक फेरी म्हणजे वायू एकदा धरणं आणि तापवून सोडणं). कार्बन डायऑक्साइड धरण्याची क्षमता सुरुवातीच्या काही डझन फेऱ्यांतच कोसळते आणि शेवटी सैद्धांतिक क्षमतेच्या ७-८ टक्क्यांवर टेकते. कारण साधं आहे: वायू सोडवायला चुना ९०० अंशांच्या आसपास तापवला की कण एकमेकांना चिकटतात, बारीक छिद्रं बुजतात. आता हिशोब करा. १६ ग्रॅम मिथेनमागे ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, त्याला कागदावर ५६ ग्रॅम चुना. क्षमता ८ टक्के उरली की तोच आकडा ७०० ग्रॅम होतो! बेड, म्हणजे रिफॉर्मरमधला गोळ्यांचा थर, ताज्या चुन्याच्या क्षमतेवर बेतला असेल, तर ब्रेकथ्रू (कार्बन डायऑक्साइड न धरला जाता बाहेर निसटू लागणं) बाराव्या हिश्श्याच्या वेळात येईल. म्हणून आकारमान उरलेल्या क्षमतेवर काढायचं. शिवाय थकलेल्या चुन्याला वाफ देऊन हायड्रॉक्साइड करून घेणं, थोडा जुना चुना काढून ताजा भरत राहणं किंवा कॅल्शियम ॲल्युमिनेटचा आधार देणं, यांपैकी काहीतरी करावंच लागतं.

'उष्णता नको' यात अर्धं सत्य आहे, कबूल. रिफॉर्मिंगला दर मोलमागे २०६ किलोज्यूल लागतात; शिफ्ट (कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेपासून आणखी हायड्रोजन देणारी अभिक्रिया) ४१ आणि चुना १७८ परत देतो. पण तेच १७८ पुनरुज्जीवनात, म्हणजे चुना तापवून वायू सोडवताना, व्याजासकट भरावे लागतात. त्या वेळी नुसती वाफ सोडली तर निकेलचं ऑक्सिडीकरण होतं. पुढच्या फेरीआधी हायड्रोजनने क्षपण करा (निकेलला चिकटलेला ऑक्सिजन काढून घ्या), नाहीतर सुरुवातीला मिथेन तसंच निसटतं.

शंभर टक्के? चुन्यावरचा कार्बन डायऑक्साइडचा समतोल दाब (याहून कमी दाबाचा वायू चुना धरू शकत नाही) ६५० अंशांना सुमारे ०.०१ वातावरण, ७५० ला ०.०८. मिथेन संपवायला तापमान चढवलं की चुना वायू सोडू लागतो. म्हणून बेडचे भाग पाडतात: आत येताना गरम, बाहेर पडताना थंड, म्हणजे शेवटी शिफ्ट आणि चुना दोघांनाही अनुकूल.

शुद्धीकरण लहान होतं, जात नाही. वाफ काढायची असतेच, उरलेलं मिथेन असतं, आणि कमी तापमानाच्या इंधन-सेलला कार्बन मोनॉक्साइड काही पीपीएमच (दशलक्षात काही भाग) चालतो.