वीजदर सरकारने ठरवावेत? गुहागरकडे बघून सांगा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गटांवर एक मेसेज फिरतोय. पोफळी, दाभोळ, जयगड, सगळी वीज कोकणात तयार होते, तरी बिल आमचंच फुगतं. वीजदर मंजूर करणारा नियामक आयोग वीज कंपनीच्या मागणीवर नुसता शिक्का मारतो. आयोग बरखास्त करा, दर सरकारने ठरवावेत, वीज स्वस्त होईल. बिलाचा राग खरा आहे. मात्र सुचवलेला उपाय आपल्याच जिल्ह्यात एकदा होऊन गेलाय.

‘दर सरकारने ठरवावेत.’ ऑगस्ट 1999 मध्ये राज्याचा वीज नियामक आयोग आला. त्याआधी दर आणि करार सरकार अन् वीज मंडळच ठरवत होतं. डिसेंबर 1993 मध्ये मंडळाने एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदी करार केला. ग्राहकांसमोर सुनावणी झाली नाही. प्रकल्प परवडणारा नाही म्हणून जागतिक बँकेने त्याच वर्षी कर्ज नाकारलं होतं, तरी करार झाला. वीज उचलली नाही तरी स्थिर आकार भरायचा, आणि दर डॉलरशी बांधलेला. प्रकल्प जिथे झाला त्या गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूरच्या लोकांनी विरोध केला तेव्हा त्यांच्या वाट्याला लाठ्या आणि अटका आल्या. मे 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि दोनच वर्षांत, 2001 मध्ये, मंडळाने वीज घेणं थांबवलं. परवडेना म्हणून! करार करणाऱ्यांना जाहीरपणे हिशेब मांडायची सक्ती असती, तर त्यावर सही करणं इतकं सोपं गेलं नसतं.

‘आयोग शिक्का मारतो.’ वीज कायदा 2003 च्या कलम 64 नुसार कंपनीला दराचा अर्ज प्रसिद्ध करावा लागतो, आयोगाला लोकांच्या हरकती विचारात घेऊन 120 दिवसांत आदेश द्यावा लागतो, आणि अर्ज फेटाळायचा तर कारणं लिहावी लागतात. वीजगळती, खरेदीखर्च, कर्जाचं व्याज, सगळे आकडे कागदावर येतात. आदेश पटला नाही तर अपिलीय न्यायाधिकरण आहे. आयोग चुकतो, कधी कंपनीकडे झुकल्यासारखाही वाटतो. पण तो चुकला हे आपल्याला दाखवता येतं, ते या कागदांमुळेच.

‘सवलत आयोगामुळे मिळत नाही.’ चुकीचं. कलम 65 प्रमाणे सरकार हव्या त्या ग्राहकाला सवलत देऊ शकतं, फक्त तेवढी रक्कम आगाऊ भरायची. हे बंधन काढलं तर घोषणा सरकारची आणि भुर्दंड इतर ग्राहकांच्या बिलात.

‘वीज इथली, म्हणून इथे स्वस्त हवी.’ हा मुद्दा मनाला पटतो, आणि कोयना धरणाच्या विस्थापितांचं देणं तर अजून बाकीच आहे. पण महावितरणचे दर राज्यभर एकच आहेत, आणि त्यात कोकणाचा फायदाच असावा असं मला वाटतं. डोंगरातल्या विखुरलेल्या वाड्या, चार घरांसाठी ओढलेली लांब लाइन, झाडं, खारा वारा. जून 2020 च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडात खांब आडवे झाले. अशी दुरुस्ती कंपनीच्या खर्चात धरली गेली की ती राज्यभरच्या दरांत वाटली जाते. तालुक्याचा खर्च तालुक्यानेच भरायचा ठरलं तर मंडणगडचं बिल काय येईल?

मागायचंच असेल तर हे मागू या: दराच्या प्रत्येक अर्जावर एक सुनावणी रत्नागिरीत व्हावी, आणि अर्जाचा पूर्ण गोषवारा मराठीत ग्रामपंचायतीत लावावा. हरकत लेखीही पाठवता येते. पुढच्या अर्जाची जाहिरात पेपरात आली की आंबा बागायतदार, बर्फ कारखानदार आणि काजूवाल्यांनी ती पाठवावी.