कॉलेजच्या टीममधल्या पोरांनो, भरतीबरोबर सीडीएसचाही फॉर्म भरा

सातारा-सांगलीकडच्या पोरांना फौजेची ओढ कुणी लावावी लागत नाही. अपशिंगे मिलिटरी हे गाव फौज नावातच घेऊन बसलंय, देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यातच सुरू झालं. तरीही कॉलेजच्या फुटबॉल टीममधला, बीए-बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा पोरगा पहाटे उठून पळतो तो फक्त जवानभरतीच्या सोळाशे मीटरसाठी. जवान होण्यात काडीचाही कमीपणा नाही. पण हातात डिग्री येत असताना 'ऑफिसर होणं आपलं काम नव्हे' असं ठरवूनच टाकायचं, याचं फार वाईट वाटतं.

सीडीएस (कंबाइंड डिफेन्स सर्व्हिसेस) म्हणजे फौजेत ऑफिसर होण्यासाठीची यूपीएससीची परीक्षा. ती वर्षातून दोनदा होते, फॉर्मची फी २०० रुपये. शेवटच्या वर्षाला असतानाही भरता येतो. डेहराडूनच्या आयएमएसाठी (इंडियन मिलिटरी अकॅडमी) इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित असे शंभर-शंभर मार्कांचे तीन पेपर. चेन्नईच्या ओटीएसाठी (ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी) गणित नाहीच. गणिताला घाबरणाऱ्या आर्ट्सवाल्यांनी हे नीट वाचावं. चुकलेल्या उत्तराला त्या प्रश्नाच्या मार्कांचा एक तृतीयांश भाग कापतात, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत डोळे मिटून गोळे काळे करू नका.

दुसरी वाट एनसीसीची. 'सी' सर्टिफिकेटला किमान बी ग्रेड आणि डिग्रीला ५० टक्के असतील, तर लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीसाठी अर्ज करता येतो. एसएसबी म्हणजे ऑफिसर निवडायची चाचणी आणि मुलाखत; सीडीएसची लेखी पास झालेल्यांनाही ती द्यावीच लागते. खेळाडूंची गाडी अडते ती परेडच्या हजेरीवर. 'सी'च्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते आणि मॅचेस नेमक्या परेडच्या दिवशी येतात. काही ठिकाणी तर मुलाला सरळ सांगतात, फुटबॉल किंवा एनसीसी, एक काय ते ठरव. हा अन्याय आहे. स्पर्धांच्या तारखा कळल्या की त्याच आठवड्यात जिमखान्याच्या सरांचं सहीचं पत्र एनसीसीच्या सरांकडे द्या आणि बुडालेल्या परेड कधी भरून काढायच्या ते तिथंच ठरवून घ्या. वर्षाअखेरीस हातापाया पडून काही होत नाही.

एसएसबी पाच दिवसांची असते, आणि फुटबॉल तिथं खऱ्या अर्थानं कामाला येतो. चांगला मिडफिल्डर बॉल पायात यायच्या आधीच मान वर करून बघतो. ग्रुप टास्कमध्ये फळी, बल्ली आणि दोर घेऊन अडथळा पार करायचा असतो, तिथं हीच सवय लागते. लाल रंगवलेल्या भागाला ना माणूस लागायचा, ना सामान. पहिली फळी टाकतानाच तिसरी कुठं टेकणार हे ज्याला दिसतं, त्याचं ग्रुप आपोआप ऐकतो. मैदानावर नुसता ओरडणारा कॅप्टन इथं मागं पडतो. पुढं लेफ्टनंट झाल्यावर पोरगा तिशीभर जवानांच्या प्लाटूनसमोर उभा राहणार असतो. त्यातले कितीतरी त्याच्यापेक्षा वयानं आणि अनुभवानं मोठे. तिथं आवाज चढवून भागत नाही.

वैयक्तिक अडथळे दहा, वेळ तीन मिनिटं. अडथळ्यांना १ ते १० गुण, एकूण ५५. फुटबॉलवाले पायांच्या जोरावर उड्या झटक्यात मारतात आणि दोराला लटकून राहतात. जीटीओ (हे टास्क घेणारा ऑफिसर) समजावून सांगत असतानाच कुठून कुठं जायचं ते मनात आखून ठेवा.

एसएसबीच्या माहितीच्या फॉर्ममध्ये खेळ लिहिताना पोझिशन, पातळी आणि वर्ष खरंखुरं लिहा. मुलाखतीत त्यावरच खोदतात. 'कॅप्टन' लिहिलंत तर हाफटाइमला दोन गोलांनी मागं असताना कुणाला बसवलंत आणि का, हे सांगता आलं पाहिजे. इंग्रजी अडखळलं तरी हरकत नाही, वाक्य अर्धवट सोडू नका.

आता मेडिकल, कारण फुटबॉलवाल्यांचा घात इथं होतो. घोटा मुरगळला की तेल लावून चोळायचं, क्रेप बँडेज गुंडाळायचं आणि तिसऱ्या दिवशी मॅच. अशानं लिगामेंट सैल राहतं आणि तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळतो. ताज्या दुखापतीला मालिश नको. बर्फ आणि विश्रांती द्या, मग एका पायावर तोल धरण्याचा व्यायाम, आणि त्या पायावर न दुखता उड्या मारता आल्या तरच मैदान. गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटचं ऑपरेशन झालेलं असेल तर निवड फार अवघड आहे, त्यामुळे गुडघा सुजलेला असताना इंजेक्शन घेऊन खेळू नका. घरच्या घरी दोन गोष्टी बघा. ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवा. पूर्ण तळवा उमटला तर चवड्यांवर उभे राहा. तळव्याची कमान दिसली तर बहुधा काळजी नाही. गुडघे जुळवून उभं राहिल्यावर घोट्यांमध्ये पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाला आत्ताच दाखवा. टेम्पररी अनफिट म्हणजे सगळं संपलं असं नाही, अपील मेडिकलला ४२ दिवस मिळतात.

अकॅडमीत दम पुरतो, हात पुरत नाहीत. बीपीईटीत, म्हणजे फौजेच्या शारीरिक क्षमतेच्या चाचणीत, रायफल आणि पाठीवरचं वजन घेऊन पाच किलोमीटर पळायचं, वर दोर चढायचा. गावच्या तालमीत दोर टांगलेला असेल तर तिथं जा. दोर पायांच्या घडीत आवळून पायांनी शरीर वर ढकलायचं, हात फक्त धरायला. नुसत्या हातांनी ओढणारा अर्ध्यावर गळतो. चिनअप्स येत नसतील तर स्टुलावरून बारला हनुवटी लावा आणि पाच सेकंदांत सावकाश खाली या, पाच-पाचचे चार सेट, दिवसाआड.

फुटबॉलचं पळणं तुटक असतं, म्हणून आठवड्यातून दोनदा एका लयीत सात-आठ किलोमीटर पळा. साताऱ्यात यवतेश्वरचा घाट आहे, मिरजेकडच्यांना दंडोबाचा डोंगर. फौजी बुटांची सवय दोन किलोमीटरपासून लावा आणि हळूहळू वाढवा. गवतावरच्या नडग्या एकदम डांबरावर जड बुटांत आपटल्या की आधी दुखतात, मग हाडाला बारीक चीर जाते आणि टर्म बुडते.

एसएसबीचं बोलावणं आलं की नाशिकच्या छात्र पूर्व प्रशिक्षण केंद्राची चौकशी करा. राज्य शासनाचं आहे, राहणं-जेवण-शिकवणं सगळं मोफत. त्यासाठी सातारा किंवा सांगलीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचं. खाजगी क्लासला हजारो रुपये भरण्याआधी तिथं एक चक्कर मारा.