लाळेच्या चाचणीतून मेंदूचं वय कळत नाही

'वय वाढतं तशा मेंदूच्या पेशींमधल्या डीएनएवरच्या खुणा बिघडतात. लाळ तपासली की मेंदूचं वय कळतं आणि गोळ्या घेऊन ते मागे नेता येतं. उंदरांवर हे सिद्ध झालंय.' असा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. तो पटतो, कारण त्याचं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे.

वयानुसार या एपिजेनेटिक खुणा, म्हणजे कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद हे ठरवायला मदत करणाऱ्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा, बदलतात, यात वाद नाही. पण बदल म्हणजे बिघाड नव्हे. जन्मानंतरच्या पहिल्या वर्षांत, मेंदूत जोडण्या भराभर तयार होत असताना, चेतापेशींच्या डीएनएवर एका खास प्रकारचं मिथिलेशन (मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक गटाची खूण) झपाट्याने साचत जातं. ते तिथे असायलाच हवं. नवं काही शिकतानाही काही खुणा बदलतात. चेतापेशी चेतापेशीच राहते, यकृताची पेशी होत नाही, तेही या खुणांच्या जोरावरच.

आता लाळ. तिच्यात गालाच्या आतल्या अस्तराच्या आणि पांढऱ्या रक्तपेशी सापडतात, चेतापेशी नाहीत. संशोधक स्टीव्ह होर्व्हाथ यांनी 2013 मध्ये डीएनएवरच्या 353 जागांवरून वय सांगणारं 'घड्याळ' मांडलं, ते अनेक ऊतींना चालतं हे खरंच. पण त्यांच्याच गटाने 2015 मध्ये शंभरी ओलांडलेल्यांचे ऊतींचे नमुने तपासले, तेव्हा त्यांच्या मेंदूचा मागचा भाग, म्हणजे लहान मेंदू, अपेक्षेपेक्षा सुमारे 15 वर्षांनी तरुण निघाला. एकाच डोक्यातल्या दोन भागांचं वय जुळत नाही, तिथे थुंकीवरून अख्ख्या मेंदूचा निकाल कसा लावणार?

उंदरांवरचा प्रयोग खरा आहे, 2020 चा. पण त्यात गोळी कुठेच नव्हती. विषाणूच्या मदतीने तीन जनुकं थेट डोळ्यात सोडली गेली आणि दृष्टिपटलातल्या चेतापेशींच्या खुणा तरुणपणाकडे सरकल्या, नजरही सुधारली. तीनच जनुकं का? पेशीला मूळ, कोऱ्या अवस्थेकडे नेणाऱ्या चार जनुकांच्या संचातली ही तीन; चौथं, सी-मिक, कर्करोगाशी जोडलेलं आहे म्हणून मुद्दाम वगळलं होतं. त्याआधी चारही जनुकं उंदरांच्या शरीरभर चालू केली, तेव्हा गाठी झाल्या होत्या. पेशी आपली ओळखच विसरल्या तर असं होतं.

मला सर्वात जास्त खटकतं ते वेगळंच. विसरभोळेपणाने धास्तावलेली माणसं या चाचण्यांवर पैसे आणि महिने घालवतात. बी-12ची कमतरता किंवा थायरॉईडचा बिघाड यांमुळेही विसरायला होतं. दोन्ही साध्या रक्ततपासणीत कळतात, दोन्हींवर उपचार आहेत, आणि बी-12च्या बाबतीत उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.