येऊरचा हिरवा रंग म्हणजे बिबट्याचा रिकामा फ्लॅट नव्हे

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक नकाशा फिरतोय. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान गडद हिरवं, भोवतीचं ठाणे लालभडक आणि पूर्वेला माळशेजकडे पुन्हा हिरवे पट्टे. खाली मजकूर असा: हिरवा भाग बिबट्याला योग्य, लाल अयोग्य. उद्यानात ४७ बिबटे दाटीवाटीने राहतात म्हणून सोसायटीत शिरतात. सह्याद्रीत जागा रिकामी आहे, जास्तीचे तिकडे नेऊन सोडा.

नकाशा खोटा असेलच असं नाही. अधिवासाचे असे नकाशे अभ्यासक रोज बनवतात. पण ठाणेकर तो बिल्डरच्या माहितीपत्रकासारखा वाचतायत, आणि घोटाळा तिथेच होतो.

'हिरवं ते योग्य.' येऊरचं, म्हणजे उद्यानाच्या ठाण्याकडच्या बाजूचं, जंगल पानझडी आहे. एप्रिलमध्ये पाटोणपाड्यावरून वर बघा: साग उघडा पडलेला, डोंगर तपकिरी. ऑक्टोबरात त्याच डोंगरावर गवतसुद्धा हिरवं. ऐन पावसाळ्यात ढगांमुळे बहुतेक उपग्रहचित्रांत जमीनच दिसत नाही. म्हणजे चित्र कोणत्या महिन्याचं घेतलं त्यावर रंग बदलतो. बिबट्या मात्र बारा महिने तिथेच असतो. शिवाय उपग्रहाला झाडोरा दिसतो, चितळ दिसत नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला. जंगल उत्तम, नकाशावर हिरवंगार, तरी तिथे वाघ कायमचे टिकत नव्हते. पुरेसं भक्ष्य नसणं हे त्याचं एक मोठं कारण.

'लाल ते अयोग्य.' या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण नकाशा कसा तयार होतो ते इथे कळतं. प्राणी जिथे दिसला त्या जागांच्या नोंदी आणि उंची, झाडोरा, पाणी, रस्ते, वस्ती असे थर संगणकाला दिले जातात. नोंदींच्या जागा इतर जागांपेक्षा कशा वेगळ्या आहेत ते तो शोधतो आणि तशाच दुसऱ्या जागा रंगवतो. बस, एवढंच. त्यामुळे नोंदी कुणी आणि कुठे घेतल्या त्यावर सगळा खेळ. कॅमेरे फक्त उद्यानाच्या पायवाटांवर लावले, तर संगणक म्हणणार की बिबट्याला पायवाट आवडते आणि शहर आवडत नाही. उद्या फक्त सोसायट्यांच्या सीसीटीव्हीतल्या नोंदी द्या. त्याला पार्किंग आणि कंपाउंडची भिंत आवडते असा निष्कर्ष येईल! जिथे कुणी शोधलंच नाही ती जागाही नकाशात अनेकदा 'अयोग्य' म्हणून लाल होते.

आणि लाल भागात बिबटे राहतात, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. अकोले तालुक्यात शेतीच्या, दाट वस्तीच्या मुलखात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १०० चौरस किमीमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले. ऊस हेच त्यांचं जंगल. आपल्याकडे तर गावाचं नावच वाघबीळ आहे, आणि येऊरच्या पाड्यांवर वारली लोक वाघोबाला पुजत आलेत. त्यांना हे सांगायला नकाशा लागला नाही.

'४७ म्हणजे गर्दी.' हा आकडा २०१८ च्या कॅमेरा-गणनेचा, उद्यान आणि लगतच्या परिसराचा. घनता मोठी आहे, मान्य. पण बिबट्याची हद्द चौरस फुटांत ठरत नाही, खाण्यावर ठरते. जंगलात चितळ-सांबर आणि कडेला कचऱ्यावर पोसलेली भटकी कुत्री, असं दुहेरी ताट इथे वाढलेलं आहे. कुत्री त्याच्या नेहमीच्या आहारात आहेत. २०१९ च्या फेब्रुवारीत समतानगरातल्या मॉलमध्ये बिबट्या शिरला तेव्हा ठाणं हादरलं, पण एका बिबट्याच्या चुकलेल्या वाटेवरून गर्दी सिद्ध होत नाही.

'जास्तीचे सह्याद्रीत सोडा.' हा प्रयोग करून झालाय. जुन्नर भागात वस्तीजवळ पकडलेले बिबटे सरासरी ४० किमीवरच्या जंगलांत सोडले गेले. आधी वर्षाला माणसांवर सरासरी ४ हल्ले होत; २००१ ते २००३ मध्ये ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर घराच्या दिशेने चालू लागतं, आणि त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा बिबट्या घेतो.

'आजोबा' तर आपल्याच दारात आला होता. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात विहिरीत पडलेल्या या बिबट्याला त्याचा माग सांगणारी कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. रिकामी म्हणतात ती जागा हीच की! तो सुमारे १२० किमी चालला, आग्रा हायवे ओलांडला, कसाऱ्याजवळ रेल्वेमार्ग पार केला, वसईची खाडी पोहून उद्यानाच्या नागला बंदर भागातल्या जंगलात उतरला. वाटेतला कितीतरी भाग या नकाशात लाल आहे.

पुढे पाठवणाऱ्या काकांना मी ग्रुपवर दोनच गोष्टी विचारल्या: चित्र कोणत्या महिन्याचं आणि नोंदी कुणाच्या? उत्तर म्हणून गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' आलं. मागच्या भिंतीलगतच्या उघड्या कचराकुंडीचा विषय मात्र रविवारच्या सभेत घ्यायला ते तयार झालेत.